रोजचा प्रवास आणि प्रसंगोपात्त ट्रेलर

अमेरिकेत पिकअप ट्रक घेणाऱ्यास अनेक पर्यायांतून निवड करावी लागते. ट्रक रोज कामावर नेण्यासाठी आणि ट्रेलर ओढण्यासाठी क्वचितच वापरावयाचा असेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट मागील आसाच्या दंतचक्रांचे प्रमाण. ३.७३ प्रमाण म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे ३.७३ फेरे. प्रमाण मोठे असल्यास ओझे सहज ओढले जाते. परंतु इंजिन अधिक फिरते व इंधन अधिक जळते. क्वचित ओढणाऱ्यास बहुधा ३.५५ सारखे मधले प्रमाण पुरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार जोडणीतून ट्रकवरच पडतो. २,५०० किलोग्रॅमच्या ट्रेलरचा हा भार २५० ते ३७५ किलोग्रॅम होतो. ट्रकची भारक्षमता ६५० असल्यास माणसे व सामान यांसाठी २७५ ते ४०० किलोग्रॅमच उरतात. काचेचे छत, मोठा आसनकक्ष अशा सोयींचे वजनही याच क्षमतेतून वजा होते. जोडणीवरील भार फार कमी ठेवल्यास मात्र ट्रेलर वेगात डोलू लागतो व अपघात ओढवतो.

म्हणून सोयी निवडण्यापूर्वी चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेली भारमर्यादा वाचावी.