निवडुंगाचा भाऊबंद

माढ्याच्या माळरानावर शेताच्या बांधाला निवडुंग उभा दिसतो. तिधारी निवडुंगाची फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून शेतकऱ्याने त्याला कुंपणाचे काम दिले. फड्या निवडुंगाचे कूळ निराळे. तो मूळचा अमेरिकेतला. त्याच्या अंगात चीक नाही, पाणी आहे. या फड्याचाच एक भाऊबंद अलीकडे सोलापूर जिल्ह्यातील शेतांत येऊन बसला आहे. त्याचे नाव ड्रॅगन फ्रूट. रूप तिधारीचे आणि कूळ फड्याचे, असा हा वेल आहे.

हा वेल दिवसा आपल्या अंगावरील सूक्ष्म रंध्रे मिटून घेतो व रात्री गारव्यात उघडतो. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी फारसे उडून जात नाही. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्याला असे पीक मानवावे, यात नवल नाही.

लागवडीसाठी पक्व फांदीचा हातभर तुकडा कापून काही दिवस सावलीत ठेवतात. कापलेली जागा सुकल्यावाचून तो मातीत लावला, तर कुजतो. सिमेंटच्या खांबाभोवती चार रोपे लावतात. खोडाला फुटलेल्या मुळांनी वेल खांबाला बिलगून वर चढतो. तो माथ्यावरील कड्यापर्यंत पोहोचेतो बाजूचे फुटवे छाटावे लागतात. पुढे फांद्या छत्रीसारख्या खाली लोंबतात. एकरी चार-पाचशे खांब लागतात. हा खर्च पहिल्याच वर्षी अंगावर येतो आणि पुष्कळांना त्यासाठी कर्ज काढावे लागते.

आणि येथेच फसगत होते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तालुक्यात ऊस वाढला आणि पाटभर पाणी सोडण्याची सवय हाताला लागली. तोच हात या वेलावर फिरला की मुळे कुजतात. याला ठिबकाचे मोजके पाणी आणि निचऱ्याची जमीन हवी. उलट, ‘निवडुंगच तो, उन्हाला काय भिणार?’ असे म्हणणाराही चुकतो. मध्य अमेरिकेच्या अरण्यात हा वेल झाडांच्या आधाराने, त्यांच्या विरळ सावलीत वाढतो. माढ्याचे वैशाखातले ऊन त्याच्या फांद्या पिवळ्या करून भाजून काढते. म्हणून उन्हाळ्यात वर सावलीची जाळी बांधणे शहाणपणाचे.

पावसाळ्यात कळ्या येतात. फूल पांढरे, वीतभर लांब. पण उमलते रात्री आणि उन्हे चढली की मिटते. काही जातींचे परागीभवन आपल्या आपण नीट होत नाही. अशा वेळी घरची माणसे रात्री विजेरी व मऊ कुंचला घेऊन शेतात जातात आणि फुलाफुलाला पराग लावतात. काटे हाताला बोचतातच. पुढे महिनाभराने हिरवे फळ चार-दोन दिवसांत लाल होते आणि तोडणीला येते.