आधी पाहावे, मग दाखवावे

हौशी टीव्ही म्हणजे परवानाधारक हॅमने (हौशी रेडिओचालकाने) घरून रेडिओलहरींवर चित्र पाठवणे आणि दुसऱ्या हॅमने ते आपल्या घरी पाहणे. ब्रिटनमध्ये या छंदाचा क्लब १९४९ पासून चालू आहे. बोलण्याच्या आवाजाला तीन किलोहर्ट्झची पट्टी पुरते. जुन्या ॲनालॉग पद्धतीच्या हलत्या चित्राला सहा-सात मेगाहर्ट्झ लागतात. छंदातल्या बहुतेक अडचणी, आणि खर्चसुद्धा, या एका फरकातून निघतात.

प्रस्तुत लेखकाची पहिली चूक नेमकी इथली. जुन्या अमेरिकी पुस्तकांत ७० सेंटीमीटर बँडवरच्या टीव्हीसाठी ४३९.२५ मेगाहर्ट्झ हा आकडा हमखास भेटतो. त्या आधाराने ट्रान्समीटरचा बोर्ड जुळवला गेला, त्याला डबाही झाला, आणि मग परवान्यासोबतचा बँडचा तक्ता वाचला गेला. अमेरिकेत हा बँड ४२० ते ४५० मेगाहर्ट्झ आहे. भारतात हौशींच्या वाट्याला आलेला तुकडा ४३४ ते ४३८, म्हणजे अवघा चार मेगाहर्ट्झ. आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीचा चॅनेल सात मेगाहर्ट्झ रुंद. तो या तुकड्यात कसाही बसवला तरी बाहेर लोंबणार. तो डबा आजही माळ्यावर आहे. नवशिक्याने तक्ता आधी वाचावा, सोल्डरिंग आयर्न नंतर तापवावे.

सुरुवातीला सर्वांत स्वस्त पडते ते स्लो स्कॅन. कोपथॉर्न मॅकडोनाल्ड या अमेरिकी हॅमने १९५७-५८ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत स्थिर चित्र आवाजात उतरवून पाठवते: १५०० हर्ट्झचा सूर म्हणजे काळा, २३०० चा म्हणजे पांढरा, मधले सूर मधल्या छटा. हलत्या चित्राचे शौकीन याला टीव्ही मानायला तयार नसतात, पण कान आणि डोळे दोन्ही तयार करायला याच्यासारखे दुसरे साधन नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर अशी चित्रे येतात. पीडी १२० या प्रकारात एका चित्राला दोन मिनिटांच्या वर थोडा वेळ लागतो. साधा हँडी (हातात मावणारा रेडिओ) आणि ॲप टाकलेला मोबाइल एवढ्यावर काम भागते. डॉपलरमुळे फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत सरकते, ते एफएमवर चालून जाते. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद करणारी सोय) मात्र पूर्ण उघडा ठेवावा; तो मध्येच मिटला की चित्राचा तेवढा पट्टा गेला. हँडीच्या स्पीकरसमोर मोबाइल धरून घेतलेल्या लेखकाच्या पहिल्या चित्रात, वरून एक तृतीयांशावर, एक आडवी झगझगीत पट्टी आहे. ती स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीची. नंतर दीडशे रुपयांची ऑडिओ केबल आली आणि कुकर चित्रातून गेला.

खऱ्या हलत्या चित्रासाठी भारतातल्या एकट्या-दुकट्या हॅमपुढे आज सर्वांत सोयीची वाट कतारच्या एस-हेल २ या उपग्रहाची आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो सोडला गेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यावरचे हौशी ट्रान्सपाँडर (आलेला सिग्नल परत खाली पाठवणारी यंत्रे) खुले झाले. हॅम मंडळी त्याला क्यूओ-१०० म्हणतात. भूस्थिर कक्षेत हौशींची सोय असलेला हा पहिला उपग्रह. त्याच्या रुंद ट्रान्सपाँडरवर १०४९१ ते १०४९९ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात डिजिटल चित्रे उतरतात. त्यांतला १०४९१.५ वरचा बीकन, म्हणजे खुणेचा सिग्नल, अखंड चालू असतो, म्हणून नवशिक्याने आधी तोच शोधावा.

उपग्रह २६ अंश पूर्वेजवळ आहे. पुण्याहून पाहिले तर दिगंश सुमारे २५४, म्हणजे पश्चिमेच्या थोडे दक्षिणेला, आणि क्षितिजापासून उंची ३२ अंशांच्या आसपास. आपल्याकडच्या डीटीएच छत्र्या साधारण आग्नेयेकडे बघतात. लेखकाने मदतीला बोलावलेला डिशवाला गच्चीवर येऊन चारी बाजूंना पाहत म्हणाला, "साहेब, सगळ्या डिश तिकडं बघतायत, तुमचीच इकडं कशी?" आणि पान्याने ती फिरवायला लागला. त्याचे चुकले नव्हते, त्याला काय शोधायचे ते सांगितलेच गेले नव्हते. त्यात ऑफसेट बनावटीची छत्री ३२ अंशांवर लावली की जवळजवळ उभी दिसते, जणू समोरच्या बाल्कनीत डोकावते आहे. कोनमापक न लावता नजरेने कोन ठरवू नये. होकायंत्रही गच्चीच्या कठड्यातल्या लोखंडापाशी फसवते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या सुमारास दुपारी चार ते साडेचारच्या दरम्यान पुण्यातून सूर्य जवळजवळ या उपग्रहाच्या रेषेत येतो. वर्षातून दोनदा मिळणारी ही खूण फुकट आहे आणि चुकत नाही. शिवाय समोर इमारत किंवा नारळ आडवा येतो का, हेही त्या वेळी गच्चीत उभे राहून कळते.

पुढचा सापळा एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवर बसणाऱ्या डबीचा. आपल्या बाजारात डीटीएचसाठी मिळणाऱ्या कित्येक एलएनबींत एकच लोकल ऑसिलेटर असतो, १०६०० मेगाहर्ट्झचा. बीकन त्याच्या खाली पडतो, त्यामुळे अशा एलएनबीतून काहीही हाती लागत नाही. लेखकाचे दोन रविवार यात गेले. शेवटी उन्हाने विटलेल्या स्टिकरवर नखाने धूळ खरवडली तेव्हा '१०.६' एवढेच दिसले. ९.७५ आणि १०.६ असे दोन्ही आकडे असलेला युनिव्हर्सल, शक्यतो पीएलएल प्रकारचा एलएनबी घ्यावा आणि २२ किलोहर्ट्झचा टोन बंद ठेवावा. मग बीकनमधून ९.७५ गिगाहर्ट्झ वजा होऊन तो ७४१.५ मेगाहर्ट्झवर उतरतो. घरातला सेट टॉप बॉक्स मात्र ९५० च्या खाली ट्यून होत नाही, त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षा नको.

चित्रांचे ध्रुवीकरण आडवे आहे, त्यासाठी एलएनबीला १८ व्होल्ट लागतात. १३ दिले तर उभे ध्रुवीकरण निवडले जाते. शिवाय उपग्रह इतका पश्चिमेला असल्याने त्याचे 'आडवे' पुण्यात आडवे राहत नाही. छत्रीमागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड केले तर एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुमारे ६५ अंश फिरवावा लागतो. युरोपातल्या मार्गदर्शकांत हा कोन बराच लहान असतो. तिथला आकडा तसाच उचलला, तर सगळे नीट जोडूनही सिग्नल दुबळा राहतो आणि माणूस विनाकारण मोठी छत्री आणतो. लेखकाने आणली होती. नव्वद सेंटीमीटरची ती छत्री वाया गेली नाही, एवढेच.

डिजिटल चित्र हळूहळू स्वच्छ होत नाही. येते तेव्हा पूर्ण येते, तोवर पडदा काळा. म्हणून चित्राकडे बघत छत्री जुळवणे व्यर्थ. स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगल लॅपटॉपला लावून ७४१.५ च्या आसपास स्पेक्ट्रम पाहावा. सपाट माथ्याचा, पावणेदोन-दोन मेगाहर्ट्झ रुंद उंचवटा दिसला की तो बीकन. एलएनबीची वीज केबलमधूनच जाते, त्यामुळे मध्ये बायस-टी लागतो, आणि त्याच्या दोन टोकांची अदलाबदल झाली तर १८ व्होल्ट थेट डोंगलमध्ये शिरतात. लेखकाच्या डोंगलने धूरही काढला नाही, नुसता गप्प झाला. टोकांवर मार्करने लिहून ठेवावे आणि डोंगल जोडण्याआधी मल्टिमीटर लावावा.

उंचवटा दिसल्यावर डीव्हीबी-एस२ उलगडणारा रिसीव्हर. हौशींत मिनिटिऊनर रुळलेला आहे. बीकनचा सिम्बॉल रेट १५०० किलोसिम्बॉल, एफईसी ४/५. इतर हॅमची बरीच प्रसारणे ३३३ किंवा त्याहूनही कमी दराची असतात. तिथे तापमानाने सरकणारा साधा एलएनबी दगा देतो: दुपारी सापडलेले स्टेशन रात्री जागेवर नसते.

पावसाळ्यात एफ कनेक्टर हा पहिला बळी. लेखकाने ऑगस्टमध्ये उघडलेल्या कनेक्टरातून चमचाभर पाणी निघाले आणि आतली तार हिरवी पडली होती. केबलला एलएनबीजवळ खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकते, आणि जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळावी. साधी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते.

प्रक्षेपणाचा विचार यानंतर. त्यासाठी परीक्षा, परवाना आणि कॉल साइन हवे. शिवाय ज्या फ्रिक्वेन्सीवर जायचे ती आणि चित्राचे उत्सर्जन आपल्या श्रेणीत बसते का, ते लेखी नियमांत पाहावे. क्यूओ-१०० कडे चित्र २४०१.५ ते २४०९.५ मेगाहर्ट्झवर, उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणात जाते. या फ्रिक्वेन्सीला आरजी-५८ सारखी बारीक केबल मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. खोलीत दहा वॉटचा ॲम्प्लिफायर आणि गच्चीपर्यंत दहा मीटर केबल असली, तर छत्रीपाशी एक वॉट पोहोचतो. म्हणून ॲम्प्लिफायर छत्रीजवळच, पाऊस न शिरणाऱ्या डब्यात बसवतात. अँटेना किंवा डमी लोड न जोडता त्याला वीज देऊ नये, आणि प्रक्षेपण चालू असताना छत्रीसमोर कोणी उभे राहू नये, कपडे वाळत घालायलासुद्धा.

पहिल्यांदा कॅमेरा लावू नये. कॉल साइन आणि लोकेटर (पुण्याचा एमके६८) मोठ्या अक्षरांत लिहिलेले एक स्थिर कार्ड पुरते. शक्ती कमीतकमी ठेवून सुरू करावे, स्पेक्ट्रमवर आपला उंचवटा उगवतो का पाहावे आणि हळूहळू वाढवावे. तो बीकनच्या माथ्याच्या एक डेसिबल खाली राहिला पाहिजे, हा तिथला ठरलेला दंडक आहे. वर गेला तर ट्रान्सपाँडरवरच्या इतरांची चित्रे तुटतात.