लाइफगार्ड ठेवला, पण तालीम कोण घेणार? टॉवरमधल्या स्विमिंग पूलचा खरा खर्च

लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या बहुतेक टॉवरमध्ये पोडियमवर स्विमिंग पूल असतो आणि तिथे एजन्सीने पाठवलेला लाइफगार्डही असतो. मेंटेनन्सच्या बिलात त्याचे पैसे आपण दर महिन्याला भरतो. पण कोणी पाण्याखाली गेले, तर पहिल्या दोन मिनिटांत कोणी काय करायचे याचा सराव त्या टीमने शेवटचा कधी केला, हे विचारले तर बहुतेक सोसायट्यांत उत्तर मिळत नाही. एजन्सीच्या कोटेशनमध्ये ‘सराव’ नावाची ओळच नसते. आणि लाइफगार्डच्या पगाराच्या तुलनेत नेमकी हीच बाब अगदी स्वस्त आहे, म्हणून हा हिशेब मांडतो आहे.

आधी लाइफगार्डचे पैसे. समजा त्याचे मासिक वेतन २०,००० रुपये आहे. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ (१५,००० च्या मर्यादेवर १३ टक्के) १,९५० रुपये, ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे ६५० आणि बोनसची तरतूद साधारण १,२५० रुपये. बेरीज २३,८५०. त्यावर एजन्सीचे आठ टक्के सेवाशुल्क धरले आणि एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी लावला की एका माणसामागे सोसायटीला सुमारे ३०,४०० रुपये पडतात. कोणी पंधरा-सोळा हजारांत माणूस देतो म्हणाला, तर यातली कुठली ओळ गाळली आहे हे त्यालाच विचारा. बहुधा पीएफ-ईएसआय तरी गाळलेले असते किंवा वेतन तरी. कमी पगारावर आलेला मुलगा चार महिन्यांत दुसरीकडे जातो, आणि टीम सतत बदलत राहिली तर सरावाला अर्थ उरत नाही.

माणसे किती हवीत? एका पाळीत दोघे. एकजण पाण्यात उतरला की उरलेल्या पोहणाऱ्यांना बाहेर काढायला, बेशुद्ध माणसाला काठावर घ्यायला आणि श्वास द्यायला दुसरा हवाच. सकाळ-संध्याकाळच्या दोन पाळ्यांचे चार, साप्ताहिक सुट्टीसाठी एक बदली, असे पाच. म्हणजे महिन्याला सुमारे १,५२,००० रुपये. ३०० घरांच्या टॉवरमध्ये घरटी ५०७ रुपये.

आता सराव. पाचही जणांचा आठवड्याला एक तास आणि तो तास पूर्णपणे ओव्हरटाइमचा, म्हणजे दुप्पट दराचा धरला, त्यावर सेवाशुल्क आणि जीएसटी लावला, तरी महिन्याला सुमारे ५,३०० रुपये होतात. घरटी १८ रुपये. पूल सफाईसाठी ज्या दिवशी बंद असतो, त्याच दिवशी हा तास ठेवला तर कोणाचे पोहणेही बुडत नाही. ५०७ रुपये भरायचे आणि हे १८ वाचवायचे, हा व्यवहार मला कुठल्याही बाजूने पटत नाही.

या तासात काय व्हायला हवे, हे पैसे देणाऱ्याला कळले पाहिजे. नाहीतर पाच मुले पन्नास मीटर पोहतील, फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतील आणि सराव झाला असे धरले जाईल.

पहिली परीक्षा नजरेची. बुडणारा माणूस हात हलवून हाका मारतो, हे चित्रपटातले दृश्य आहे. न्यूयॉर्कचे लाइफगार्ड फ्रँक पिया यांनी १९७० च्या सुमारास समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रत्यक्ष घटनांचे चित्रीकरण करून दाखवले की खरोखर बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होते, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात आणि वीस ते साठ सेकंदांत तो खाली जातो. लहान मूल त्याहूनही लवकर. म्हणून जलतरण तलावांच्या सुरक्षेत ‘दहा-वीस’ नावाचा दंडक वापरतात: आपल्या हद्दीतला धोका दहा सेकंदांत ओळखायचा आणि पुढच्या वीस सेकंदांत तिथे पोहोचायचे. हे तपासायला महागडा पुतळा लागत नाही. माणसाच्या आकाराचा गडद कापडी तुकडा, कडेला वजने शिवलेला, कोणालाही न सांगता तळाशी सोडायचा आणि घड्याळ लावायचे. खर्च शिंप्याच्या मजुरीएवढा. ही परीक्षा मात्र पूल चालू असतानाच घ्यायची. रहिवाशांना आधी कळवायचे, लाइफगार्डना नाही. माणसाने श्वास रोखून तळाशी पडून राहायचे, असला प्रकार कधीही करू देऊ नका. त्यात चांगला पोहणाराही बेशुद्ध पडू शकतो.

आपल्या भागात पश्चिमेकडे तोंड असलेल्या पोडियमवर संध्याकाळी पाच-साडेपाचला उन्हाची तिरीप पाण्यावर पडते आणि अर्धा तळ दिसेनासा होतो. या परीक्षेत ते लगेच उघडे पडते. उपाय फुकट आहे, खुर्ची हलवायची. फार तर हजार-दोन हजारांचे पोलराइज्ड चष्मे घ्या. सर्वांत खोल जागेची तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसत नसेल, तर त्या दिवशी पूल बंद ठेवायचा. एवढा अधिकार लाइफगार्डला लेखी द्या, आणि त्याने तो वापरला म्हणून कमिटी मेंबरने त्याच्यावर आवाज चढवायचा नाही.

दुसरा भाग पाण्याबाहेरचा, आणि गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. बुडालेल्याचे पोट दाबणे, त्याला उलटे धरून गरगर फिरवणे या जुन्या सवयी पहिल्यांदा बंद करायला हव्यात. त्यात वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. ऑक्सिजन न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूची कायमची हानी सुरू होऊ शकते. ऑफिसांमधल्या सीपीआर शिबिरांत अनेकदा फक्त छाती दाबायला शिकवतात. अचानक कोसळलेल्या हृदयरुग्णासाठी ते चालते. बुडालेल्याचे हृदय बंद पडते ते मुळात श्वास थांबल्यामुळे, म्हणून इथे सुरुवात तोंडाने किंवा मास्कने श्वास देऊन करतात. युरोपीय पद्धतीत पहिले पाच श्वास, अमेरिकी पद्धतीत दोन. त्यानंतर तीस दाब, दोन श्वास. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल असे. प्रशिक्षकाला कोटेशन मागतानाच विचारा: बुडालेल्या माणसाला आधी काय द्यायचे? उत्तर ‘छाती दाबायची’ असे आले, तर दुसरा प्रशिक्षक शोधा. अधिकृत बीएलएस (प्राथमिक जीवनरक्षण) कोर्सला मुंबईत माणशी अंदाजे अडीच ते चार हजार रुपये लागतात आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कार्डाची मुदत दोन वर्षांची असते. पाच लाइफगार्डना हा कोर्स द्या. सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगच्या वीस-पंचवीस जणांसाठी अर्ध्या दिवसाची शिकवणी पुरते. तिचे एकत्रित दहा ते वीस हजार.

सामानाचे दर ब्रँडप्रमाणे बदलतात, म्हणून अंदाजच देतो. तीन कोटेशन मागवा. तोंडाने श्वास द्यायचा पॉकेट मास्क पाचशे ते दीड हजार, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग अडीच हजारांच्या आत, रेस्क्यू ट्यूब अडीच ते पाच हजार, लाइफबॉय दीड-तीन हजार, स्पाइन बोर्ड सहा ते पंधरा हजार. छाती दाबण्याच्या सरावाचा साधा पुतळा पाच हजारांपासून मिळतो. चांगल्या कंपनीचा हवा असेल तर तीस-चाळीस हजार मोजावे लागतात. शेजारच्या दोन सोसायट्यांनी मिळून एक घेतला तरी चालेल. हृदयाला विजेचा शॉक देणारे एईडी यंत्र साधारण ऐंशी हजार ते दीड लाखाचे. कमिटीला आधी तेच घ्यावेसे वाटते, कारण ते भिंतीवर दिसते. माझे मत असे की आधी मास्क, अंबू बॅग आणि प्रशिक्षण, मग एईडी. बुडण्याच्या घटनेत हृदयाची लय बहुधा शॉक देण्याजोगी नसते. क्लबहाउसमध्ये चालायला येणाऱ्या ज्येष्ठांसाठी मात्र ते यंत्र खरोखर उपयोगी आहे, म्हणून दुसऱ्या वर्षी जरूर घ्या. त्याचे पॅड दोन-अडीच वर्षांत बदलावे लागतात, हा खर्च विक्रेता स्वतःहून सांगत नाही. आणि पॅड लावण्याआधी छाती कोरडी करायला टॉवेल त्याच पेटीत ठेवा.

तिसरा भाग दरवाजापर्यंतचा. आपल्याकडे पूल सहाव्या-सातव्या मजल्यावर, ॲम्ब्युलन्स रस्त्यावर, आणि मध्ये तीन गेट, रॅम्प आणि लिफ्ट. म्हणून महिन्यातून एकदा सराव पूर्ण इमारतीचा हवा. शिट्टी वाजली की कंट्रोल रूममधला माणूस १०८ ला फोन लावतो (ही सरकारी ॲम्ब्युलन्स मोफत आहे), एकजण स्ट्रेचर मावणारी लिफ्ट पोडियमवर धरून ठेवतो, एकजण गेटवर उभा राहून वाट दाखवतो. लाइफगार्डचा मोबाइल लॉकरमध्ये असतो. इंटरकॉम पूलच्या काठावर चालतो का, ते त्याच दिवशी कळेल. या भागाचा खर्च शून्य.

रस्त्याचाही विचार करा. रेल्वेवरचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाल्यावर लोअर परळ पश्चिमेहून केईएम रुग्णालयाकडे जाण्याची वाट मुख्यतः डिलाइल रोडचा पूल आणि करी रोडमार्गे उरली. गणेशोत्सवाचे दहा दिवस लालबागची गर्दी ती वाटही अडवते. तेव्हा सातरस्त्यावरून नायर रुग्णालयाकडे जाणे सोपे. कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी कुठे न्यायचे हे कंट्रोल रूमच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि जवळच्या खासगी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाचा नंबरही तिथेच असू द्या.

हे सगळे एजन्सीच्या करारात आणायचे, तोंडी नाही. दर आठवड्याला एक तास सराव, महिन्याला एक पूर्ण मॉक ड्रिल, महिन्याला किमान एक न सांगता घेतलेली नजरेची परीक्षा, प्रत्येकाची नोंद वेळेसह रजिस्टरमध्ये, आणि नोंद नसेल तर त्या महिन्याच्या बिलातून ठरावीक कपात. नवा माणूस आला तर त्याने आधी दोन सराव केल्याशिवाय त्याला एकट्याने खुर्चीवर बसवायचे नाही. त्या रजिस्टरवर एजन्सीच्या सुपरवायझरबरोबर कमिटीच्या एका सदस्याची सही हवी. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचा गुन्हा, पूर्वीचे कलम ३०४-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो. चौकशीत पहिला प्रश्न काळजी काय घेतली हाच असतो. सोसायटीच्या विमा पॉलिसीत पूलवरचे अपघात धरले आहेत का, हेही विमा कंपनीकडून लेखी घ्या.

पहिल्या वर्षाची बेरीज अशी: सराव सुमारे ६४,०००, प्रशिक्षण सुमारे २३ ते ४० हजार, एईडी सोडून सामान १५ ते ४० हजार. ३०० घरांत घरटी वर्षाला साडेतीनशे ते पाचशे रुपये. सर्वसाधारण सभेत हा विषय एप्रिलच्या आधी मांडा, कारण मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि पूलमध्ये सर्वांत जास्त मुले तेव्हाच असतात.