फोन गावोगावी, लॉग कार्यालयात

प्रश्न : आमच्या वसुली प्रतिनिधींच्या अँड्रॉइड फोनवर ॲप मध्येच बंद पडतं. फोन न मागवता लॉग कसा मिळवावा?

उत्तर : फोन कंपनीच्या मालकीचे आणि एमडीएमवर (फोन दुरून सांभाळणाऱ्या प्रणालीवर) पूर्णपणे नोंदवलेले असतील, तर तिच्या कन्सोलवरून बग रिपोर्ट (लॉग त्यातच असतो) मागवता येतो का ते पाहा; अँड्रॉइड 7 पासून तशी तरतूद आहे. मात्र वापरणाऱ्याने फोनवर संमती दिल्याशिवाय फाइल येत नाही. तसंच हवं!

एमडीएम नसेल, तर समोरच्याला फोनवर धरून करून घ्या. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात; तिथे ‘बग रिपोर्ट’ सापडेल. थोड्या वेळात झिप तयार होते.

खरी गोम वेळेची. लॉगची जागा मर्यादित, नव्या नोंदी जुन्या पुसत जातात. सकाळी ॲप पडलं आणि संध्याकाळी रिपोर्ट काढला, तर हवी ती ओळ बहुधा गेलेली असते. म्हणून रिपोर्ट लगेच काढायला सांगा आणि सोबत ‘10:42, पावती छापताना’ एवढं तरी लिहून मागा. नाहीतर हजारो ओळी चाळत बसाल. त्या झिपमध्ये खात्यांची नावं, ॲपची यादी असं खासगीही बरंच असतं; ती ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात नको.