सुटीत मोकळा होणारा दमा

प्रश्न : वय ४२. बारा वर्षं बेकरीत मैदा मळतो. दोन वर्षांपासून रात्री खोकला, छातीत घरघर. गावी गेलो की बरं वाटतं. लहानपणी दमा नव्हता, मग आताच कसा?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ‘गावी गेलो की बरं वाटतं’ हे आहे. दमा हा एकच आजार नव्हे. श्वासनलिका सुजून आवळतात, एवढं सगळ्यांत सारखं. सूज कशाने येते यावरून प्रकार ठरतात. लहानपणीचा दमा बहुधा धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण अशा अ‍ॅलर्जीतून येतो. तुमचा व्यवसायजन्य असावा, असा दाट संशय आहे. मैद्यातली प्रथिनं आणि पावासाठी त्यात मिसळलं जाणारं अमायलेज शरीराला खुपू लागायला कित्येक वर्षं जाऊ शकतात. म्हणून ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ या म्हणण्याने मैदा निर्दोष ठरत नाही. त्रास कामावर न होता रात्री होतो? काहींमध्ये प्रतिक्रिया ४ ते ८ तासांनी उमटते. सहकारी ठणठणीत असतील, पण अ‍ॅलर्जी सरसकट सगळ्यांना होत नसते.

तरी नुसत्या संशयावर नोकरी सोडू नका. पीक फ्लो मीटरमध्ये जोरात फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा वहीत लिहायचा : दिवसातून ४ वेळा, ४ आठवडे, सुटीचे दिवस धरून. सुटीत आकडे चढले आणि कामावर उतरले, तर छातीरोगतज्ज्ञांना दुवा सापडेल. डॉक्टरांनी इनहेलर दिला असेल, तर तो चालूच ठेवा. पण तो सूज उतरवतो, गोणी झटकताना उडणारा मैदा अडवत नाही.