नव्या तलंगा, जुन्या कोंबड्या आणि चोचीच्या जखमा

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या कडेला, पडेगाव, मिटमिटा, हर्सूल, नारेगाव या बाजूंना आजही कित्येक घरांच्या मागे पाच-दहा कोंबड्या चरताना दिसतात. हा काही मोठा धंदा नव्हे. परंतु अंड्यांच्या पैशातून घरातील बाईचा तेल-मिठाचा खर्च निघतो, मुलांच्या वह्या येतात आणि नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. या व्यवसायात भांडवल म्हणजे खुद्द कोंबडीच. ती मेली की भांडवल गेले.

मानमोडीने कोंबड्या गेल्या की सारी गल्ली बोलते. मात्र एका नुकसानीची कोणी वाच्यता करीत नाही, कारण त्यात चूक आपलीच असते. ते नुकसान म्हणजे जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा सोडल्यावर होणारी चोचीची मारामारी.

हा प्रश्न अनेक घरांत येतो, कारण आपल्याकडे कळप असाच वाढतो. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेतून ५० टक्के अनुदानावर २५ माद्या व ३ नर असा तलंगांचा गट दिला जात आला आहे. या तलंगांचे वय ८ ते १० आठवडे असते. ज्यांना योजनेचा लाभ मिळत नाही ते छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून चार-सहा तलंगा घेऊन येतात. घरी आधीच्या दोन-तीन वर्षांच्या गावठी कोंबड्या असतातच. मग डालग्याचे तोंड उघडून नव्यांना जुन्यांत सोडून दिले जाते.

आम्हीही हेच केले होते. घरी सहा जुन्या कोंबड्या होत्या, त्यांत आठ तलंगा भर दुपारी सोडल्या आणि कामाला लागलो. संध्याकाळी पाहतो तो तिघींच्या डोक्यावर रक्त. हळद भरली आणि सर्वांना एकाच खुराड्यात कोंडले. सकाळी एक तलंग कोपऱ्यात मरून पडलेली होती, मानेमागची कातडी हाडापर्यंत सोललेली. तिसऱ्या दिवशी दुसरी गेली. जबह करण्याचीही वेळ मिळाली नाही. आपोआप मेलेले जनावर मुर्दार, ते ना स्वतः खाता येते ना विकता येते. नुकसान सोळा आणे झाले. शिवाय उरलेल्या सहा तलंगा भीतीने दाण्याजवळ येईनात, त्यामुळे त्या अंड्यावरही उशिरा आल्या.

कोंबड्या अशा का वागतात? नॉर्वेचे थॉर्लाइफ शेल्डरूप-एब्बे यांनी लहान वयापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२१ च्या सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कळपातील प्रत्येक कोंबडीची पायरी ठरलेली असते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि खालची वरच्यांच्या वाटेला जात नाही. पायऱ्या एकदा ठरल्या की मारामारी थांबते, नुसती मान उचलली तरी खालची बाजूला सरते. नवी कोंबडी आली की हा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. दोन्ही बाजू तोलामोलाच्या असतील तर दोन-चार दिवसांच्या झटापटीत तो मिटतो. दहा आठवड्यांची तलंग मात्र जुन्या कोंबडीच्या निम्म्या वजनाची असते. तिला लढता येत नाही, आणि परसाला चहूबाजूंनी भिंत असेल तर पळताही येत नाही. मग टोचणे थांबत नाही. त्यात रक्त दिसले की गोष्ट हाताबाहेर जाते. कोंबडीला लाल रंग चटकन दिसतो, ताज्या जखमेवर सगळ्याच तुटून पडतात, आणि ज्या तलंगा काल स्वतः मार खात होत्या त्याही त्यात सामील होतात!

तेव्हा दोष कोंबडीच्या स्वभावाचा कमी आणि आपल्या घाईचा अधिक. दुसऱ्या खेपेला आम्ही तीन आठवडे दिले आणि एकही तलंग गेली नाही. पहिले दोन आठवडे नव्या तलंगा परसाच्या दुसऱ्या टोकाला पूर्ण वेगळ्या ठेवल्या. हे मारामारीसाठी नव्हे, रोगासाठी. बाजारातून आलेल्या पक्ष्यात मानमोडी किंवा सर्दी दबा धरून असेल तर ती या काळात वर येते. जुन्यांना दाणा-पाणी आधी करायचे आणि नव्यांना नंतर, म्हणजे हातापायाबरोबर रोग जात नाही. लस टोचली आहे की नाही हे विकणाऱ्याला विचारावे, परंतु त्याच्या शब्दावर विसंबू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वयानुसार लस करून घ्यावी.

तिसऱ्या आठवड्यात जाळी आली. खुराड्याच्या मधोमध बारीक तारेची जाळी उभी केली, एका बाजूला जुन्या आणि दुसऱ्या बाजूला नव्या. दोन्हीकडचे दाण्याचे भांडे जाळीला लागूनच ठेवले. पहिल्या दिवशी जुन्या कोंबड्या जाळीवर धावून आल्या, पाचव्या दिवशी त्यांनी लक्ष देणे सोडले. जाळीची भोके मोठी असतील तर चोच आरपार जाते आणि सारी मेहनत फुकट, म्हणून अर्ध्या इंचाहून मोठी जाळी घेऊ नये.

एकत्र करण्याची वेळ रात्रीची. अंधार पडला की कोंबडी सुस्त होते. तेव्हा एकेक तलंग उचलून जुन्यांच्या शेजारी दांडीवर बसवावी. सकाळी उजाडण्यापूर्वी मात्र तेथे हजर राहावे. रात्री सोडले म्हणजे काम झाले असा काहींचा समज असतो. खरी परीक्षा सकाळी दार उघडल्यावर पहिल्या दोन तासांत असते. एकटी-दुकटी तलंग कधीही सोडू नये. चार-पाच एकदम सोडल्या की मार वाटला जातो.

परसात आडोसा हवा. जुनी पेटी, उभे केलेले खाटेचे फळकुट, बाभळीच्या फांद्या, काहीही चालते. फक्त त्याला दोन तोंडे असावीत. एकच तोंड असलेल्या कोपऱ्यात तलंग शिरली की ती अडकलीच. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून दूर ठेवावीत, कारण थोराड कोंबडी एकाच वेळी दोन भांडी राखू शकत नाही. खुराड्यात दर कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा असावी. जागा नसेल तर नव्या तलंगा आणण्यापूर्वी अंडी बंद झालेल्या जुन्या कोंबड्या विकून टाकाव्यात.

दाण्याचा एक मुद्दा बरेच जण विसरतात. अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात चुना म्हणजे कॅल्शियम, वाढीच्या पक्ष्याच्या खाद्याच्या तिपटीहून अधिक असते. ते तलंगांना सतत मिळाले तर त्यांचे मूत्रपिंड खराब होते. एकत्र कळपाला वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. जुन्या कोंबड्या गरजेपुरता तो आपणहून खातात. नुसत्या ज्वारी-मक्यावर ठेवलेल्या कोंबड्यांत पिसे उपटण्याची खोड वाढते, कारण प्रथिने कमी पडतात. थोडी शेंगपेंड किंवा सुकट मिसळावी. लसूणघासाची जुडी उंचावर टांगून ठेवली तर चोचीला उद्योगही मिळतो.

हंगामही पाहावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. परसात सावलीची जागा एकच असते आणि सगळ्या कोंबड्या तेथे दाटी करतात. अशा वेळी कळप एकत्र करणे म्हणजे भांडण विकत घेणे. पावसाळ्यात तूस ओले राहते आणि रक्ती हगवणीचे भय असते; जुन्या कोंबड्या तिचे जंतू विष्ठेतून टाकतात आणि स्वतः धडधाकट दिसतात. आमच्या अनुभवात दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत सोयीचे.

एवढे करूनही जखम झालीच तर तलंग ताबडतोब बाहेर काढावी. ‘थोडेसेच लागले आहे’ म्हणून तिला कळपात राहू देणे हीच ती चूक, जिच्यामुळे आमची पहिली तलंग गेली. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवावी, भोवतीची पिसे कापावीत आणि पोव्हिडोन आयोडीन लावावे. माश्यांच्या दिवसांत जखमेत अळ्या पडतात, म्हणून जखमेच्या कडेने कडुनिंबाचे तेल लावावे. त्याच्या कडू चवीने इतर कोंबड्याही चोच लावीत नाहीत. शेपटीखालची जखम, किंवा हाड दिसेल अशी जखम असेल तर घरगुती उपाय करीत बसू नये, पशुवैद्यकाकडे जावे. खपली पूर्ण धरून लाली गेल्यावरच तिला परत सोडावे, तेही रात्री आणि जाळीमागे दोन दिवस ठेवून.

देवीचा रोग आणि चोचीची जखम यांत गल्लत होते. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती कोरड्या, काळपट, चामखिळीसारख्या गाठी आल्या आणि दोन-चार दिवसांत त्या इतरांवरही दिसल्या तर ती देवी समजावी. चोचीच्या जखमेत कातडी फाटलेली आणि रक्त ताजे असते. देवीवर लस निरोगी पक्ष्यांना आधी द्यायची असते, गाठी आल्यावर तिचा उपयोग नाही.

काही कळपांत पंधरा दिवसांनंतरही एखादी कोंबडी टोचायची थांबत नाही. अशा वेळी लोक मार खाणाऱ्या तलंगेला वेगळे ठेवतात. आम्ही उलट करतो. मारणारीला चार-पाच दिवस डालग्याखाली, कळपाच्या नजरेआड ठेवतो. तेवढ्या दिवसांत उरलेल्यांच्या पायऱ्या नव्याने ठरतात आणि ती परत येते तेव्हा नवखी तीच असते. हा उपाय आमच्याकडे दोनदा लागू पडला. तिसऱ्या वेळी पडला नाही, तेव्हा ती कोंबडी गुरुवारी बाजारात गेली.