एका अक्षराची चूक : सिकलसेल आणि रेणवीय जीवशास्त्राची ओळख

जनुक, डीएनए, जैव तंत्रज्ञान हे शब्द आता वृत्तपत्रांतून आणि शालेय पुस्तकांतून नित्य भेटतात. परंतु त्यांचा आपल्या गावाशी, आपल्या शाळेतील मुलांशी काय संबंध, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना त्याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. तेथे आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार रेणवीय जीवशास्त्राचा जणू पहिला धडाच होय. हा धडा नीट समजला तर अनेक कुटुंबांचे दुःख टाळता येण्यासारखे आहे.

पेशी, जनुक आणि प्रथिन

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून आलेले असते. गुणसूत्रांत डीएनए या द्रव्याचे लांबलचक रेणू असतात. पीळ दिलेल्या शिडीसारखी असलेली त्यांची रचना वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 साली मांडली. रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा त्या शोधाला मोठा आधार होता.

या शिडीच्या पायऱ्या ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांच्या असतात. त्यांना अनुक्रमे ए, टी, जी, सी अशी चार अक्षरे मानली, तर डीएनए हा त्या अक्षरांत लिहिलेला ग्रंथ ठरतो. त्यातील ज्या परिच्छेदात एखादे प्रथिन तयार करण्याची कृती लिहिलेली असते, त्यास जनुक म्हणतात. पेशी या परिच्छेदाची आरएनए नावाची नक्कल करून घेते आणि तिच्यावरून प्रथिन बांधते. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची साखळी. तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द एकेका ॲमिनो आम्लाची सूचना देतो. असे एकूण 64 शब्द संभवतात. हा संकेत उलगडण्याच्या कार्याबद्दल 1968 चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत भारतात जन्मलेले हरगोविंद खोराना हे एक होते.

चूक कोठे होते?

तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायू वाहून नेते. त्यात दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीत 146 ॲमिनो आम्ले असून तिचे जनुक 11 क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. या जनुकातील सहाव्या आम्लाचा शब्द ‘जीएजी’ असा असावयास हवा. सिकलसेलमध्ये तो ‘जीटीजी’ असा असतो. ‘नजर’ या शब्दातील मधले अक्षर बदलले की ‘नगर’ होते आणि अर्थ पार बदलतो, तसाच हा प्रकार होय. परिणामी ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते.

ग्लुटॅमिक आम्लावर ऋण विद्युत्भार असतो व ते पाण्यात सहज मिसळते. व्हॅलिन मात्र पाण्यापासून दूर राहू पाहते. म्हणून प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ तंतू बनतात आणि गोल, लवचिक पेशीला विळ्याचा आकार येतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व तीव्र वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय होतो. हा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसल्याने केवळ लोहाच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली विद्युत्क्षेत्रात ही दोन हिमोग्लोबिने वेगळ्या गतीने सरकतात, हे दाखवून या आजारास ‘रेणूचा आजार’ म्हटले. पुढे काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका बदल शोधून काढला. भारतात हा आजार प्रथम 1952 साली निलगिरीतील आदिवासींमध्ये नोंदला गेला.

वाहक आणि रुग्ण

आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक होते. वाहकास सहसा त्रास होत नाही. उलट त्यास तीव्र हिवतापापासून काही संरक्षण मिळते. जेथे हिवताप पूर्वापार होता, तेथे हे जनुक का टिकून राहिले, याचा उलगडा यातून होतो. यात कोणाचा दोष नाही, कोणा समाजाचा कमीपणा नाही, आणि हा आजार संसर्गजन्यही नाही.

दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून पुढील धोका कमी होत नाही. वाहकाचा विवाह निरोगी जनुकांच्या व्यक्तीशी झाला, तर त्यांची संतती सिकलसेलची रुग्ण होत नाही. म्हणजेच वाहकाने विवाह करू नये असे मुळीच नाही. विवाहापूर्वी दोघांनी तपासणी करून घ्यावी, इतकेच.

तपासणी आणि उपचार

प्राथमिक विद्राव्यता चाचणीस रक्ताचे काही थेंब पुरतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते व नळीमागील रेघा दिसत नाहीत. ही चाचणी रुग्ण व वाहक यांत भेद करीत नाही, तसेच तान्ह्या बाळांत ती विश्वसनीय नसते. म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम तपासणी आवश्यक ठरते. त्यातील तत्त्व पॉलिंग यांनी वापरलेलेच आहे. डीएनएच्या थोड्या अंशाच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर तंत्र 1985 साली प्रथम प्रसिद्ध झाले, तेही सिकलसेलच्या निदानासाठीच.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. 2023 च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारित उपचारास मान्यता मिळाली. रुग्णाच्याच मूळपेशींत बदल करून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार करविणे, हे त्याचे तत्त्व. हा उपचार अतिशय खर्चिक आहे. गावपातळीवर आज तपासणी व समुपदेशन हीच खरी साधने होत.

आपण काय करावे?

केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून 2047 पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहू नये, असे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट गावाच्या साहाय्यावाचून साध्य होणार नाही.

शिक्षकांनी रुग्ण विद्यार्थ्यास वारंवार पाणी पिण्याची मुभा द्यावी, अतिश्रमाची सक्ती करू नये, थंडीपासून त्यास जपावे आणि वेदना हा अभ्यास टाळण्याचा बहाणा समजू नये. ताप आल्यास त्वरित आरोग्य केंद्रात पाठवावे. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत तपासणी शिबिराची माहिती द्यावी. अधिकाऱ्यांनी तपासणीचा निष्कर्ष गुप्त राखावा. चावडीवर वाहकांची यादी वाचली गेली, तर पुढच्या शिबिराला कोणी येणार नाही.

डीएनएतील अक्षर गावात बसून बदलता येत नाही. परंतु त्याची माहिती विवाहापूर्वी दोन्ही घरी पोहोचविणे आपल्या हाती आहे. तेवढे झाले तरी या शास्त्राचा लाभ पाड्यापर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.